नीरेकाठून भूमध्य समुद्राकडे

इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यात भारतीय नौदलाच्या जहाजांसाठी गिअरबॉक्स तयार होतात. उसाच्या फडांनी वेढलेलं, नीरा नदीच्या खोऱ्यातलं हे गाव. इथून समुद्र गाठायचा तर सह्याद्री ओलांडावा लागतो. तरीही या गावाचं समुद्राशी नातं आहे, आणि ते गिअरबॉक्सच्याही आधीचं आहे. ज्यांच्या नावानं हे गाव ओळखलं जातं, त्या वालचंद हिराचंदांना आपल्याकडे साखरेसाठी आणि मोटारींसाठी आठवतात. त्यांच्या उमेदीची सगळ्यात अवघड वर्षं मात्र जहाजांच्या मागे गेली.

हे आज सांगायचं कारण लग्नसराईचं आहे. एके काळी बारामती-इंदापूरकडचं नवं जोडपं फार तर महाबळेश्वर किंवा माथेरानला जायचं. पुढे केरळ आणि मनाली आली, मग थायलंड आणि बाली. आता केसरी, वीणा वर्ल्ड यांच्यासारख्या मराठी सहल कंपन्यांमुळे युरोप ओळखीचा झाला आहे आणि मधुचंद्रासाठी भूमध्य समुद्रातल्या क्रूझचा विचार बागायतदाराच्या घरातही होऊ लागला आहे. बार्सिलोना, मार्सेय, जिनोव्हा, रोमचं बंदर, नेपल्स, माल्टा. सात रात्री एकच खोली, एकदाच उघडलेली बॅग आणि रोज सकाळी खिडकीबाहेर नवं शहर. नव्या संसाराची सुरुवात म्हणून ही कल्पना मला मनापासून आवडते. पण या समुद्रावरून आपली माणसं कशी गेली, का गेली आणि कोणत्या अवस्थेत परतली, ते ठाऊक असलेल्या जोडप्याला हा प्रवास कितीतरी जास्त देऊन जाईल.

शिंद्यांचं जहाज, सोलापूरचा कंत्राटदार

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घरचा धंदा कापसाचा आणि सावकारीचा. त्यात त्यांचं मन रमलं नाही. लक्ष्मणराव फाटकांबरोबर भागीदारी करून त्यांनी रेल्वेची कंत्राटं घेतली आणि माती, दगड, रूळ या कामांत नाव कमावलं. समुद्राशी संबंध आला तो पहिलं महायुद्ध संपल्यावर. युद्धात इस्पितळ म्हणून वापरलेलं 'लॉयल्टी' नावाचं जहाज ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांना विकायचं होतं. हे जहाज मुळात 'एम्प्रेस ऑफ इंडिया' या नावानं कॅनडाच्या एका कंपनीसाठी बांधलेलं, पॅसिफिक महासागरात धावलेलं. वालचंद, नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांनी ते घेतलं. मार्च १९१९ मध्ये कंपनी नोंदली गेली आणि तिला महाराजांच्याच घराण्याचं नाव मिळालं: सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन. साताऱ्याकडच्या कण्हेरखेडच्या शिंद्यांचं नाव असं जहाजांवर चढलं.

५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनकडे निघालं. वालचंद स्वतः जहाजावर होते. तेव्हा मुंबई-लंडनची नेहमीची वाट अशी होती: अरबी समुद्र, तांबडा समुद्र, १८६९ मध्ये खुला झालेला सुएझ कालवा आणि मग भूमध्य समुद्र. त्या वाटेवर 'पी अँड ओ' आणि ब्रिटिश इंडिया या बलाढ्य कंपन्यांचं राज्य होतं आणि त्या दोन्हींच्या शिरोभागी लॉर्ड इंचकेप बसले होते. हिंदी माणसानं त्यांच्या जहाजाचं तिकीट काढावं, त्यांच्या जहाजात माल भरावा, खलाशी म्हणून त्यांच्याकडे राबावं, याला कुणाची हरकत नव्हती. हरकत होती ती हिंदी माणसानं जहाजाचं मालक होण्याला.

जुनं 'लॉयल्टी' फार काळ चाललं नाही. १९२३ मध्ये ते मोडीत निघालं. पण कंपनी टिकली. तिला संपवण्यासाठी इंग्रज कंपन्यांनी मालवाहतुकीचे दर पाडले, इंचकेपनी कंपनीच विकत घेऊ पाहिली, आणि भागधारकांनी त्याला नकार दिला. १९२३ मध्ये झालेल्या करारानं सिंधियाला दहा वर्षांसाठी किनाऱ्यापुरतं बांधून ठेवलं. दूरच्या सागरावर जाण्यासाठी काढलेल्या कंपनीला ही मोठीच शिक्षा होती. वालचंदांनी ती सोसली आणि लढत राहिले. १९२९ मध्ये ते अध्यक्ष झाले. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाली आणि तिथे बांधलेलं 'जलउषा' १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या उपस्थितीत पाण्यात उतरलं. दरम्यान नीरेच्या कालव्याच्या पाण्यावर, कळंबच्या माळावर साखर कारखाना आणि वसाहत उभी राहिली होती. वालचंदनगर आणि सिंधिया ही एकाच माणसाच्या एकाच काळातल्या दोन कामांची नावं आहेत. ८ एप्रिल १९५३ रोजी ते गेले.

१९६४ पासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो, तो 'लॉयल्टी'च्या त्या सफरीच्या आठवणीत.

याच वाटेवरचं एक जोडपं

वालचंदांच्याही आधी एक मराठी पती-पत्नी समुद्रमार्गे परदेशाहून परतली होती. आनंदीबाई जोशी वयाच्या नवव्या वर्षी गोपाळरावांच्या पत्नी झाल्या. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून जहाजानं निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. वय अठरा, नवरा सोबत नाही, आणि समुद्र ओलांडणाऱ्याला जातीबाहेर टाकणारा समाज मागे. १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. गोपाळराव तोवर अमेरिकेत येऊन पोचले होते. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात दोघं मिळून परतीच्या प्रवासाला लागली. इंग्लंडमार्गे आलेली ही दोघं १६ नोव्हेंबर १८८६ ला मुंबईत उतरली. या प्रवासात आनंदीबाईंना क्षयानं पोखरलं होतं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या वारल्या, बावीस वर्षं पुरी होण्याआधीच.

लग्नानंतरचा मोकळा वेळ, दोघांचा आनंदाचा प्रवास, डेकवर उभं राहून बोललेल्या गोष्टी यातलं काहीच त्या जोडप्याच्या वाट्याला आलं नाही. आज इंदापूरच्या मुलीला हे सहज मिळत असेल, तर त्यात आनंदीबाईंच्या पिढीनं मोजलेली किंमत आहे. नवऱ्याबरोबर परदेशी निघालेल्या प्रत्येक मराठी मुलीला ही तारीखवार हकिकत माहीत असावी असं मला वाटतं.

तारीख आणि कागद

आता प्रत्यक्ष तयारीकडे. आपल्याकडची लग्नं तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात आणि आषाढापर्यंत चालतात. कारखान्याचा गळीत हंगाम दिवाळीच्या आसपास पेटतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. उसाचं बिल हातात येतं, वैशाखात मांडव पडतो. भूमध्य समुद्राला हे वेळापत्रक सोयीचं आहे. मे-जून आणि सप्टेंबर हे तिथले सगळ्यात चांगले महिने. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक आणि गर्दी फार. डिसेंबरात लग्न करून लगेच निघणाऱ्यांना मात्र थंडी आणि खवळलेला समुद्र भेटतो. फ्रान्सच्या दक्षिणेला मिस्त्राल नावाचा उत्तरेचा जोरदार वारा सुटतो, तो मोठ्या जहाजालाही हलवतो.

निघण्याआधी जेजुरी आहेच. लग्नानंतर खंडोबाचं दर्शन, नवऱ्यानं नवरीला उचलून चढलेल्या पायऱ्या, भंडारा, घरी जागरण-गोंधळ. ज्यांचं कुलदैवत वेगळं ते तुळजापूर, कोल्हापूर, शिखर शिंगणापूर करतात. बारामती तालुक्यातच मोरगावचा मयूरेश्वर आहे. हे सगळं झाल्यावर निघायचं म्हणजे व्हिसाची तारीख लग्नपत्रिका छापण्याच्या आधीच ठरवावी लागते. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि पंधरा दिवसांपेक्षा कमी अवधी राहिला असेल तर उशीर झालेला असतो. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, नाकारला गेला तरी ते परत मिळत नाही. ३०,००० युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा सक्तीचा. स्पेन, फ्रान्स, इटली, माल्टा, ग्रीस, आणि २०२३ पासून क्रोएशिया हे सगळे देश एका व्हिसात बसतात. जहाज ट्युनिशिया किंवा तुर्कस्तानात थांबणार असेल, तर त्या देशाचा नियम वेगळा पाहावा लागतो आणि शेंगेन व्हिसा एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा लागतो.

शेतकरी घरांची अडचण वेगळी असते. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे आयकर विवरणपत्र नसतं किंवा त्यातला आकडा लहान दिसतो. अशा वेळी बँकेचं नियमित स्टेटमेंट, कारखान्याकडून खात्यावर आलेली उसाची बिलं, सातबारा उतारा आणि त्याचं इंग्रजी भाषांतर जोडावं. अर्जाच्या तोंडावर खात्यात अचानक मोठी रक्कम भरली, तर तिचा खुलासा मागितला जातो. आणि नवरीचं नाव: लग्नानंतर बदललेलं नाव तिकिटावर घालण्याची घाई करू नये. पासपोर्टवर जे नाव तेच तिकिटावर, तेच व्हिसावर. माहेरच्या नावाच्या पासपोर्टवर मधुचंद्राला जाण्यात काहीही गैर नाही.

आईनं बांधून दिलेल्या डब्याचंही सांगायला हवं. भारतातून युरोपीय संघात दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, खवा घरीच ठेवावा. चिवडा, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट चालतं. किटली, इस्त्री, पाणी तापवायची कॉइल जहाजावर काढून घेतली जाते, कारण भर समुद्रात आगीसारखं दुसरं संकट नाही. शाकाहारी आणि जैन जेवण तिकीट काढतानाच सांगून ठेवावं.

सात रात्री

आजचं जहाज म्हणजे काय, हे 'लॉयल्टी'शी ताडून पाहता येतं. ते सुमारे ५,९०० टनांचं होतं. पश्चिम भूमध्य समुद्रात फिरणारं 'एमएससी वर्ल्ड युरोपा' दोन लाख टनांहून मोठं आहे आणि त्यात सहा हजारांहून अधिक प्रवासी मावतात. आतली बिनखिडकीची खोली सगळ्यात स्वस्त, बाल्कनीची महाग. खोली आणि मुख्य भोजनगृहांतलं जेवण तिकिटात येतं. पेयं, इंटरनेट, किनाऱ्यावरच्या सहली बहुधा वेगळ्या, आणि बऱ्याच जहाजांवर सेवाशुल्क दर माणशी दर दिवशी बिलात चढतं. हे सगळं आधी मांडून ठेवलं, तर शेवटच्या दिवशी नव्या जोडप्यात पहिलं भांडण होत नाही.

जहाजावर चढल्यावर पहिलं काम सुरक्षेच्या कवायतीचं. ते टाळू नये. १३ जानेवारी २०१२ रोजी 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळलं आणि ३२ माणसं गेली. नव्यानं चढलेल्या प्रवाशांची कवायत तोवर झालेली नव्हती. त्यानंतर नियम कडक झाले आणि जहाज निघण्यापूर्वीच कवायत होऊ लागली. त्या ३२ जणांत एक मुंबईकर वेटर होता. त्याचे अवशेष सगळ्यांत शेवटी, २०१४ च्या नोव्हेंबरात सापडले.

कोकण पाहिलेल्या माणसाला या समुद्राची पहिली गंमत जाणवते ती भरती-ओहोटीची. ती जवळजवळ नाहीच. जिब्राल्टरची सामुद्रधुनी जेमतेम चौदा किलोमीटर रुंद. तिच्यातून महासागराचं पाणी येतं, पण भरतीची मोठी लाट आत शिरत नाही. ऊन जास्त आणि येऊन मिळणाऱ्या नद्या कमी, म्हणून पाणी अटलांटिकपेक्षा खारट. सूक्ष्म वनस्पती कमी, म्हणून ते इतकं निळं आणि नितळ.

मार्सेयला उतरल्यावर चर्च आणि जुनं बंदर पाहायचंच. पण ८ जुलै १९१० ची सकाळ आठवल्याशिवाय मराठी माणसानं तिथून हलू नये. 'मोरिया' जहाजावरून कैदी म्हणून आणल्या जाणाऱ्या विनायक दामोदर सावरकरांनी जहाजाच्या गवाक्षातून मार्सेयच्या बंदरात उडी घेतली, पोहत किनारा गाठला, आणि फ्रेंच पोलिसानं त्यांना इंग्रजांच्या हाती परत दिलं. परक्या भूमीवर झालेली ही अटक कायदेशीर होती का, हा वाद हेगच्या लवादापर्यंत गेला आणि फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूनं लागला.

इटलीत जहाज चिवितावेक्कियाला लागतं आणि तिथून रोम सुमारे ऐंशी किलोमीटर. एका दिवसात कॉलॉसियम आणि व्हॅटिकन दोन्ही धावत पाहण्यापेक्षा एकच नीट पाहावं. नेपल्सहून पॉम्पेई सोपं. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलेलं हे शहर, तिथल्या भट्ट्या, जोती, चाकोऱ्या पडलेले दगडी रस्ते दोघांनी सावकाश चालावेत. रोम आणि नेपल्सच्या मध्ये कॅसिनो नावाचं गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीत कामी आलेल्या भारतीय सैनिकांची नावं तिथल्या स्मारकावर आहेत. त्यांत रायगडच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे आहेत. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे हे जवान १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात एकट्यानं शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले. वय बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ मध्ये उंब्रिया प्रांतातल्या मोंतोने गावानं त्यांचं स्मारक उभारलं. नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर जखमी साथीदारांना पाठीवर वाहून आणलं आणि तोच सन्मान मिळवून ते जिवंत परतले. ही मुलं खेड्यापाड्यांतली होती. आज त्याच महाराष्ट्रातून नवी जोडपी त्याच इटलीत हसत-खेळत जातात, ही मोठी चांगली गोष्ट आहे. घाडग्यांचं नाव मात्र तोंडपाठ असावं.

माल्टाची राजधानी व्हॅलेटा दगडी तटबंदीची. १५६५ चा वेढा परतवल्यावर पुढच्याच वर्षी तिची पायाभरणी झाली. त्यानंतर शंभर वर्षांच्या आतच, १६६४ मध्ये, शिवाजी महाराजांनी मालवणजवळ सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं. समुद्रावर आपली सत्ता नसेल तर किनाराही आपला राहत नाही, हे दोन्हीकडच्या राज्यकर्त्यांनी ओळखलं होतं.

एक पथ्य पाळावं. ही शहरं पाहुण्यांच्या भारानं थकली आहेत. व्हेनिसच्या ज्युडेक्का कालव्यातून मोठी जहाजं नेण्यावर ऑगस्ट २०२१ पासून बंदी आहे. सांतोरिनी आणि मिकोनोसला उतरणाऱ्या क्रूझ प्रवाशांकडून ग्रीस २०२५ पासून कर घेतं. किनाऱ्यावर उतरून फक्त फोटो काढून परत फिरणारा पाहुणा त्या गावाला काही देत नाही. गावातल्या लहान दुकानात बसून दोन घास खावेत, तिथल्या माणसांशी बोलावं.

खोली आवरणारा माणूस

जहाजावर सकाळी खोली आवरायला येणारा माणूस गोव्याचा किंवा वसईचा असण्याची शक्यता बरीच आहे. 'पी अँड ओ'च्या काळापासून गोव्याची माणसं जहाजांवर वाढपी आणि स्वयंपाकी म्हणून, तर रत्नागिरीकडची खलाशी म्हणून गेली. धोबीतलावच्या गोमंतकीय क्लबांत बोटीची वाट पाहणाऱ्या तारवटींच्या, म्हणजे जहाजावर काम करणाऱ्यांच्या, पिढ्या राहिल्या. आजही करार सहा ते नऊ महिन्यांचे असतात आणि आठवड्याची सुट्टी नसते. आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करारानुसार दिवसात किमान दहा तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती द्यावी लागते. म्हणजेच एखाद्या दिवशी चौदा तासांपर्यंत आणि आठवड्याच्या सरासरीनं रोज तेरा तासांपर्यंत काम कायदेशीर आहे. त्या माणसाचंही लग्न झालेलं असतं, आणि अनेकांच्या लग्नाची पहिली वर्षं अशी समुद्रातच जातात. त्याला नावानं हाक मारावी, गावाकडची चौकशी करावी, खोली सोडताना हातात काही ठेवावं.

प्रवासी आणि मालक

सिंधिया कंपनीची जहाजं आज समुद्रावर नाहीत. बॅलार्ड इस्टेटमध्ये सिंधिया हाउसची इमारत तेवढी उभी आहे. तिथून जवळच २०२५ मध्ये मुंबईचं नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल सुरू झालं. २०२१ पासून मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीपकडे क्रूझ जाते. त्या जहाजाचं नाव 'एम्प्रेस', आणि 'लॉयल्टी'च्या मूळ नावातही 'एम्प्रेस' होतंच. पण भूमध्य समुद्रात आपण ज्या जहाजांवर चढतो, त्यांचे मालक जिनिव्हात, जिनोव्हात, मायामीत बसतात. भारताच्या परदेशी व्यापारातला अगदी थोडा माल आज भारतीय जहाजांतून जातो. आपण उत्तम खलाशी झालो, आता उत्तम प्रवासीही झालो. वालचंदांनी १९१९ मध्ये सुरू केलेली लढाई मालक होण्याची होती, आणि ती अर्ध्यावर राहिली आहे.

म्हणून नीरेकाठच्या नव्या जोडप्यांना सांगणं एवढंच: जरूर जा, कर्ज न काढता जा, आणि जाण्याआधी ज्याच्या नावानं वालचंदनगर ओळखलं जातं त्या माणसाची गोष्ट एकमेकांना सांगा. आणि वालचंदनगर, इंदापूर, बारामतीच्या शाळांना विनंती: दर ५ एप्रिलला 'लॉयल्टी'च्या सफरीचा धडा वर्गात घ्या, मर्चंट नेव्हीच्या वाटा मुलामुलींना समजावून सांगा. या तालुक्यांतून पुढच्या पिढीत जहाजांचे कप्तान आणि मालक निघायला हवेत.